नाव विचारायचं राहून गेलं: एका ओडावा डबीचं प्रकरण

मार्च महिन्यातली सकाळ होती. फडताळातला खण ओढला तर तळाशी चिमूटभर तपकिरी भुकटी पडलेली. वर एक गोल डबी, आणि तिच्या झाकणावरच्या फुलाची एक पाकळी अर्धी खाल्लेली. कसर लागली होती. या डबीचं काम तिथून सुरू झालं आणि पुढे चौदा महिने चाललं.

मी मिशिगन राज्यातल्या एका लहान संग्रहालयात संग्रहाची देखभाल करते. पगारी माणसं आम्ही तिघं, बाकी सगळे स्वयंसेवक. वस्तू हजारो आणि त्यांच्या नोंदी बहुतेक जुन्या, घाईघाईत केलेल्या. या डबीची नोंद १९५४ सालची होती. एका बाईंनी आजीच्या सामानातून ती आणून दिली होती. नोंदवहीत एकच ओळ: ‘टोपली, लहान. चिपेवा. गवताची वेलबुट्टी. कारागीर अज्ञात.’ सोबत बाईंचं दोन परिच्छेदांचं पत्र होतं. आजी लग्नाआधी उन्हाळ्यात उत्तर मिशिगनमधल्या पेटोस्कीला हवापालटाला गेली होती, तेव्हा तिने ही डबी विकत घेतली, एवढी एकच कामाची गोष्ट त्यात होती.

त्या एका ओळीतला जवळपास प्रत्येक शब्द चुकीचा होता. टोपली नाही, गवत नाही, चिपेवा या आदिवासी जमातीची हेही बहुधा नाही. चौथ्या चुकीपर्यंत पोचायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण ती मला चूक वाटतच नव्हती.

आधी डबीच नीट पाहू. व्यास ११ सेंटिमीटर, झाकणासकट उंची ६. भिंती, तळ आणि झाकण सगळं बर्चच्या सालीचं, म्हणजे आपल्या भूर्जाच्याच कुळातलं झाड. पुण्याच्या भांडारकर संस्थेत ऋग्वेदाची शारदा लिपीतली एक पोथी भूर्जपत्रावर लिहिलेली आहे. ती साल हिमालयातल्या भूर्जाची, ही उत्तर अमेरिकेतल्या कागदी बर्चची. हाताला लागणारा गुळगुळीतपणा मात्र तोच, आणि सालीवरच्या त्या आडव्या बारीक रेघाही त्याच. ही साल सहजी कुजत नाही, पाणी पीत नाही. इथल्या आदिवासींपैकी ओडावा आणि ओजिब्वे लोक ज्या भाषेच्या बोली बोलतात त्या अनिशिनाबे भाषेत सालीला ‘वीग्वास’ म्हणतात. तिच्या होड्या झाल्या, घरांची छपरं झाली, मेपलची साखर ठेवायची भांडी झाली. जून ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत झाडात रस चढलेला असतो आणि साल अलगद सुटते. जाणकार हात फक्त बाहेरचा थर काढतो आणि आतल्या थराला धक्का लावत नाही. झाडाच्या बुंध्यावर काळा पट्टा राहतो, पण झाड जगतं.

ज्याला नोंदवहीने गवत म्हटलं, ते साळिंदराचे काटे आहेत. आपल्याकडच्या साळिंदराचे काटे लांबलचक, काळेपांढरे, बोरूसारखे जाड. उत्तर अमेरिकेतलं साळिंदर वेगळं. ते झाडावर चढतं, त्याच्या अंगावर तीसेक हजार काटे असतात, आणि बहुतेक काटे बोटभर लांबीचेही नसतात. काटा पांढरा, टोकाशी काळपट, आत पोकळ. भिंगाखाली गवत चपटं दिसतं आणि त्याच्या शिरा समांतर धावतात. काटा गोलसर, चकाकणारा आणि एकसंध असतो. एकदा फरक कळला की पुन्हा चूक होत नाही, आणि १९५४ साली नोंद लिहिणाऱ्याने भिंग हातात घेतलं असतं तर तेव्हाही झाली नसती.

काम कसं होतं ते सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा निर्णय त्याच्यावर उभा आहे. काटे धुऊन जाडीप्रमाणे निवडतात. रंगवायचे ते रंगवतात. लावण्याआधी पाण्यात किंवा तोंडात धरून मऊ करतात. सालीला आरीने बारीक भोक पाडायचं, काट्याचं टोक त्यातून आत सारायचं, काटा सालीवर निजवायचा, पुढचं भोक पाडून दुसरं टोकही आत घ्यायचं. दोन्ही टोकं आतल्या बाजूला दुमडली की वरून टाका दिसतो. गाठ नाही, डिंक नाही. साल वाळताना भोक आवळतं आणि काट्याला धरून ठेवतं. आतून टोकांचं जंगल दिसतं, म्हणून सालीचंच दुसरं अस्तर लावून ते झाकतात. शेवटी कडेला सुगंधी गवताची जुडी ठेवून दोऱ्याने शिवून टाकतात. म्हणजे डबीत गवत आहे, पण ते फक्त कडेला. आमच्या डबीच्या झाकणावर आठ पाकळ्यांचं फूल आणि भोवती पानांची माळ आहे. मी भिंगाखाली काटे मोजले: ३१२. प्रत्येकाला दोन भोकं, म्हणजे तळहाताएवढ्या झाकणावर ६२४ भोकं, आणि दोन भोकांच्या मधली साल एकाही ठिकाणी फाटलेली नाही.

कसरीचं काम त्यामानाने सरळ होतं. काटा हा केसा-नखांसारख्याच द्रव्याचा असतो. लोकर खाणारे भुंगेरे आणि पतंगाच्या अळ्या त्यावर ताव मारतात. साल त्यांना आवडत नाही. डबी मऊ कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद केली, उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवली, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडली नाही, नाहीतर गार सालीवर दव धरतं. खण रिकामा करून साफ केला, शेजारच्या वस्तू तपासल्या. मिशिगनच्या हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की साल तडकते. म्हणून या खणात आता आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील अशी सोय केली आहे. इतकंच.

पण या तपासणीत एक गोष्ट हाती लागली. झाकणाच्या कडेचे तीन टाके तुटले होते आणि आतलं अस्तर तिथे अर्धा बोट उचललं जात होतं. मी दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आत सरकवला आणि बॅटरीचा प्रकाश सोडला. बाहेरून हे फूल मातकट गुलाबी दिसतं, वाळलेल्या कोकमासारखं. आत दुमडलेली टोकं मात्र झगझगीत राणी रंगाची होती, आणि पानांची टोकं कोवळ्या पोपटी रंगाची. शंभरएक वर्षं त्यांच्यावर उजेड पडलाच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग बाजारात आले आणि इथल्या बायकांनी ते हौसेने वापरले. ते रंग उजेडाने उडतात, आणि एकदा उडाले की परत येत नाहीत. आमच्या संग्रहालयात ही डबी कित्येक वर्षं खिडकीसमोरच्या कपाटात मांडलेली होती. रंग आम्ही घालवला. आरशात ते राणी रंगाचे ठिपके पाहताना मला खरोखर वाईट वाटलं.

आता ‘चिपेवा’. ओडावा, ओजिब्वे आणि पोटावाटोमी या तिघांचा ‘तीन अग्नींचा’ संघ. भाषा जवळची, नाती जवळची. ओजिब्वे लोकांना इंग्रजी कागदपत्रांत चिपेवा म्हणत, आणि पुष्कळ संग्रहालयांनी ग्रेट लेक्सकडून आलेलं सगळं त्या एका शब्दात कोंबलं. पण पेटोस्की हा ओडावांचा मुलूख. मिशिगन सरोवराच्या ईशान्य किनाऱ्यावरचा हा पट्टा त्यांच्या भाषेत वागनकिसिंग, वाकड्या झाडाचं ठिकाण. आजच्या हार्बर स्प्रिंग्ज आणि क्रॉस व्हिलेजपर्यंत तो पसरलेला आहे.

डबी पेटोस्कीच्या बाजारात कशी आली, हे तिथल्या जमिनीच्या इतिहासाशिवाय कळत नाही. १८३६ च्या वॉशिंग्टन करारात ओडावा आणि ओजिब्वे लोकांनी अमेरिकी सरकारला सुमारे १ कोटी ३८ लाख एकर जमीन लिहून दिली. १८५५ च्या डेट्रॉइट करारात उरलेल्या जमिनीचे तुकडे पाडून कुटुंबप्रमुखाला ८० एकर, अविवाहित प्रौढाला ४० एकर असं वाटप ठरलं. कागदावर ती जमीन त्यांची होती. प्रत्यक्षात फसवणूक आणि करांच्या नावाखाली तिचा मोठा भाग एका पिढीत गेला. जवळच्या बर्ट लेकच्या काठी तर १९०० च्या ऑक्टोबरमध्ये शेरीफने गावकऱ्यांना घराबाहेर काढून अख्खं गाव जाळलं. १८७३ मध्ये रेल्वे पेटोस्कीला पोचली. १८७५ मध्ये शेजारी बे व्ह्यूची उन्हाळी वसाहत सुरू झाली, आणि शिकागोकडून बोटी भरून हवापालटाला लोक येऊ लागले. जमीन गेलेल्या घरांत बायकांच्या हातात हे काम होतं. साल जंगलातून, काटे साळिंदराकडून, भांडवल म्हणजे आरी आणि दोरा. डब्या रस्त्यावर, धक्क्यावर, दुकानांत विकल्या गेल्या, आणि त्यावर घरं चालली.

याच मुद्द्यावर आमच्याकडे वाद झाला. समितीतल्या एका सदस्यांचं म्हणणं, पर्यटकांसाठी बनवलेल्या वस्तूवर एवढा वेळ का घालवायचा. जुनं, ‘खरं’ काहीतरी असतं तर गोष्ट वेगळी. हे मत मी अनेक ठिकाणी ऐकलं आहे आणि मला ते पटत नाही. ओडावा हे नावच मुळात व्यापाराशी जोडलेलं मानतात. ‘अदावे’ या क्रियापदाचा अर्थ खरेदी-विक्री करणं. युरोपीय लोक येण्याच्या आधीपासून ही माणसं सरोवरांच्या वाटांवरून माल नेत-आणत होती. विकण्यासाठी केलेल्या डबीत ३१२ काट्यांपैकी एकही वाकडा बसलेला नाही. गिऱ्हाईक झाकणाची आतली बाजू कधी बघणार नव्हतं, तरी तिथलं अस्तर काठोकाठ कापलेलं आहे. ते करणारीने कुणासाठी केलं असेल, हा प्रश्न त्या सदस्यांनी स्वतःला विचारावा असं मला वाटलं, आणि मी बैठकीत तसं म्हटलंही.

दुसरा वाद कायद्याचा. अमेरिकेत १९९० पासून आदिवासी समाजांच्या अस्थी आणि सांस्कृतिक वस्तू परत करण्याचा कायदा आहे. १२ जानेवारी २०२४ पासून त्याचे नवे नियम लागू झाले: अशा वस्तू मांडण्याआधी किंवा त्यांवर संशोधन करण्याआधी त्या समाजाची पूर्वसंमती घ्यावी लागते. पण कायद्यात वस्तूंचे ठराविक प्रकार आहेत: मृतांसोबत पुरलेल्या, धार्मिक विधींना लागणाऱ्या, आणि एका व्यक्तीला विकताच येणार नाही अशा सामाईक मालकीच्या. रीतसर विकलेली डबी यांत बसत नाही. आमच्या वकिलांनी तेच सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. कायदा आम्हाला काहीच करायला लावत नव्हता. मग आम्ही का करावं? माझं उत्तर साधं होतं: आमच्या नोंदीत चुका आहेत आणि त्या दुरुस्त करू शकतील अशी माणसं तासा-दोन तासांच्या अंतरावर राहतात. लिटल ट्रॅव्हर्स बे बँड्स ऑफ ओडावा इंडियन्स या जमातीला १९९४ मध्ये अमेरिकी सरकारची मान्यता पुन्हा मिळाली. त्यांची कचेरी हार्बर स्प्रिंग्जला आहे. पत्र लिहायला कुठली हरकत?

पत्र गेलं. भेट ठरायला पाच महिने लागले. दरम्यान एक काम उरकायचं होतं, ते म्हणजे विषाची तपासणी. विसाव्या शतकात संग्रहालयांनी किड्यांवर उपाय म्हणून वस्तूंना आर्सेनिक फासलं, पाऱ्याचे क्षार फासले, आणि नोंद ठेवली नाही. आम्ही हातमोजे घालतो ते वस्तूला जपण्यासाठी असं सगळ्यांना वाटतं. पुष्कळदा ते स्वतःला जपण्यासाठी असतात. ज्यांच्या आज्यांनी डबी केली त्यांनाही आपण हातमोजे घाला म्हणून सांगायचं, हे मला नको होतं. एका विद्यापीठाकडून क्ष-किरणांचं हातातलं यंत्र दोन दिवस उसनं मिळालं. आर्सेनिक नाही, पारा नाही. डांबरगोळ्यांचा अंश त्या यंत्राला दिसत नाही, त्यामुळे डबी तीन आठवडे वाऱ्यावर ठेवली.

सप्टेंबरात दोघी आल्या. एक सत्तरीच्या पुढच्या, लहानपणापासून काट्यांचं काम करणाऱ्या; दुसरी त्यांची भाची, वीस-बावीसची. नावं इथे देत नाही, त्यांनी तशी विनंती केली आहे. बाईंनी डबी उघड्या हातांनी उचलली, झाकण काढलं, आणि पाहण्याआधी आत नाक घातलं. मग भाचीपुढे धरली. सुगंधी गवताचा वास, आपल्या वाळ्याहून गोड, शंभर वर्षांनी डबीत होता. मी तोवर एकदाही वास घेऊन पाहिला नव्हता. मोजमापं घेतली, फोटो काढले, तापमान नोंदवलं, वास घेतला नाही.

मग त्यांनी झाकण तिरपं धरून बराच वेळ पाहिलं. एका पाकळीतले सगळे काटे एका जाडीचे आहेत, म्हणजे करणारीने निवडायलाच दिवस घालवला असणार, असं त्या म्हणाल्या. पानांची ही वळणं वागनकिसिंगकडच्या दोन घराण्यांत त्यांनी पाहिलेली होती. कुणाचं काम असं त्या छातीठोकपणे सांगायला तयार नव्हत्या, आणि मला ते फार आवडलं. फोटो घेऊन त्या दोन्ही घरांत विचारणार होत्या. या भागात ही कला घराण्यांतून उतरते. मुलांना निवासी शाळेत नेऊन भाषा विसरायला लावली जात होती त्या काळातही आज्यांनी नातींना काटे निवडायला बसवलं. याच परिसरातल्या यव्होन वॉकर केशिक यांना २०१४ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा कलाकार हा सन्मान मिळाला. त्याही काटेकाम करणाऱ्या घराण्यातल्या. तेव्हा ‘ही कला आता उरली नाही’ असं आमच्या जुन्या फलकावर लिहिलं होतं, ते पहिलं उतरवलं.

माझी स्वतःची चूक दुरुस्तीच्या वेळी कळली. अर्ध्या खाल्लेल्या पाकळीच्या जागी रंगवलेल्या जपानी कागदाच्या बारीक सळ्या बसवायच्या, लांबून फूल पूर्ण दिसेल, असा माझा आराखडा होता. नमुनेही तयार होते. बाईंनी ते पाहिले आणि विचारलं, तू रंग कुठला धरलास, बाहेरचा की आतला? माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाहेरचा धरला तर आमच्या खिडकीने केलेली नासाडी मी डबीचा रंग म्हणून पक्की करत होते. आतला धरला तर एकच पाकळी डोळ्यांत खुपली असती. मग त्यांनी भाचीला जवळ बोलावलं आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. काटे गेले होते, भोकं शिल्लक होती. पूर्ण झालेल्या कामात भोकं कधीच दिसत नाहीत, काट्याखाली झाकलेली असतात. इथे कसरीने ती उघडी केली होती: पाकळीच्या टोकाशी दाट, देठाकडे विरळ, आणि दोन ओळी एकमेकींत अशा घुसवलेल्या की साल फाटू नये. भाचीने पिशवीतून पारदर्शक कागद काढला, पाकळीवर धरला आणि पेन्सिलीने एकेक भोक टिपून घेतलं. तेवीस ठिपके. मी माझे नमुने पेटीत घालून ठेवले आणि आराखड्यावर ‘रद्द’ लिहिलं.

आता तो चौथा शब्द. मी नवी नोंद लिहीत होते: डबी, झाकणासह, बर्चची साल, साळिंदराचे काटे, सुगंधी गवत, सुती दोरा, ओडावा, पेटोस्की परिसर. पुढे सवयीने लिहिलं ‘कारागीर अज्ञात’, आणि हात थांबला. अज्ञात कुणाला? विकत घेणाऱ्या आजीने त्या बाईच्या हातून डबी घेतली असेल, तिच्याकडे पाहून पैसे दिले असतील. तिच्या गावात तिचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. १९५४ साली आमच्या नोंदवहीवाल्याला पेटोस्कीला जाऊन विचारता आलं असतं; तेव्हा तिला ओळखणारी माणसं हयात असणार. कुणीही विचारलं नाही, आणि वहीत मात्र असं लिहिलं की जणू ती बाईच कुठेतरी धुक्यात हरवली होती. आता तिथे लिहिलं आहे: ‘ओडावा कारागीर, नाव त्या वेळी विचारून नोंदवलं गेलं नाही. शोध चालू आहे.’ समितीत यावरही अर्धा तास चर्चा झाली. ‘संग्रहालयाची बदनामी होते’ असं एकांचं म्हणणं होतं. शब्द तसेच राहिले.

डबी आता पन्नास लक्सच्या मंद उजेडात चार महिने मांडतो आणि मग बराच काळ अंधारात ठेवतो. शेजारी आरशातून काढलेला फोटो आहे, आतल्या टोकांचा, म्हणजे येणाऱ्यांना मूळ राणी रंग दिसतो. पाकळी अर्धीच आहे. सुटलेलं अस्तर मी शिवलं नाही. बाईंनीच सांगितलं, राहू दे, पुन्हा कुणाला आत बघायचं असेल.

दोन घराण्यांपैकी एकीकडून अजून काही कळलेलं नाही. दुसरीकडून निरोप आला की त्यांच्याकडे अशीच पानं असलेली एक डबी आहे, आणि घरच्या थोरल्या बाई ती घेऊन यायला तयार आहेत, पण साल काढायचे दिवस संपल्यावर. आम्ही ऑगस्टमधली तारीख कळवली आहे.